काहूनचा खण

हेडाऊ सरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवरचं घड्याळ अजूनही अधूनमधून बंद पडतं, पण आता त्यावर कोणी कागद चिकटवत नाही. सर असताना घड्याळ बंद पडलं की ते खुर्चीवर चढायचे, तबकडीवर कोरा कागद डकवायचे आणि त्यावर लिहायचे, 'बंद आहे. सेल संपला.' शिपाई तासाभरात नवा सेल आणणारच असायचा. तेवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप. आम्ही हसायचो. सर खाली उतरून हात झटकत म्हणायचे, "बंद घड्याळ खोटं बोलते मॅडम, अन् तेही तोंड वर करून. त्याले आधी गप्प करा लागते."

साकोलीजवळच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर शिकवायचो. मी नवी होते, सर पन्नाशी ओलांडलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मागे कडीला टांगलेला डबा आणि जिच्यावर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही, नेहमी ढकलतच चालायचे, अशी एक स्कूटर. त्यांचा विषय मुलांच्या मते जगातला सगळ्यात रुक्ष. प्रोग्राम लिहिण्याआधी त्यानं नेमकं काय करायचं, हे गणितासारख्या काटेकोर भाषेत लिहून काढायचं आणि मग ते बरोबर आहे हे सिद्ध करायचं. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात, तसं. नोकरीच्या मुलाखतीत याबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही, त्यामुळे मुलं मागच्या बाकांवर बसून मोबाइल बघत. तरीही दहा-दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलांना सगळं कॉलेज विसरून फक्त हेडाऊ सर आठवतात. त्यांच्या नावानं नव्हे, 'काहून सर' म्हणून.

त्याचं कारण फळ्यावरची चौकट. नव्या वर्गाच्या पहिल्याच तासाला सर फळ्यावर एक आडवी चौकट काढत आणि मधोमध उभी रेघ मारत. डाव्या खणात लिहीत 'मिळालं', उजव्या खणात 'नाही मिळालं', आणि त्याच्या खाली 'काहून?', म्हणजे 'का?'. मग खडू खाली ठेवून सांगत, "पोट्टेहो, ज्या गोष्टीचं उत्तर फसू शकते, तिले असं दोन खणाचं घर द्या लागते. कोणता खण भरला हे आधी पाहाचं, मंग आत हात घालाचा. न पाहता हात घातला, त साप निघाल्यावर बोंबलू नोका."

एकदा एका मुलानं महिन्याभराच्या तापमानाची सरासरी काढण्याचा नकाशा लिहून आणला. ज्या दिवशी तापमान मोजलंच गेलं नाही, तिथे त्यानं उणे एक धरलं होतं. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे उणे एक कोण आहे बे? कोणाच्या घरचं?"

"सर, त्या दिवशी मोजलं नाही. म्हणून धरून चाललो."

"साकोलीत मे महिन्यात उणे एक? बर्फ पडला का? अन् ते सरासरीत मिसळून राहिलं, आता बाकीचे खरे आकडेही नासले." वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. "एक आकडा नाही मिळाला त सरासरीही 'नाही मिळाली'च्या खणात जाते. काहूनसकट जाते. वाटेत कोणी ते 'काहून' गाळलं त समज, घात झाला."

'धरून चालू' या दोन शब्दांवर सरांचा दात होता. मिटिंगमध्ये प्राचार्य म्हणत, "धरून चालू की सगळ्यांना मान्य आहे," की सर हात वर करत. जे आले नाहीत ते आणि ज्यांना मान्य आहे ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते शांतपणे सांगत. प्राचार्य कपाळाला हात लावत. मलाही खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ करतो हा माणूस, असं मी मंदाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा म्हटलंही. त्या पोळी लाटता लाटता हसल्या. "तुमचं बरं आहे मॅडम, तुम्ही पाच वाजता सुटता. मी यायले इचारलं, भाजी कशी झाली? त म्हणते, अजून चाखली नाही, त्यामुळं माहीत नाही. तीस वर्षं झाली, भाजी नुसती 'बरी' कधीच झाली नाही."

सर मूळचे पवनीचे, विणकराच्या घरातले. ताण्यातला धागा तुटला आणि सांधता आला नाही, तर त्यांचे वडील त्या जागी बोटभर लाल दोरा लोंबता ठेवायचे, घेणाऱ्याला दिसावा म्हणून. सरांच्या स्वभावाचं मूळ मी तिथेच शोधलं होतं आणि माझं समाधान झालं होतं. खरं कारण कळायला मला तीन वर्षं लागली.

दर वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी सर एक रजा घ्यायचे. त्या वर्षी त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून मंदाताईंनी मला सोबत जायला सांगितलं. एसटीनं सानगडी, तिथून पुढे तीन किलोमीटर पायी एका लहानशा गावात. वाटेत दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तुडुंब भरलेल्या होत्या. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव होता. त्याच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, मधला भाग नव्या मुरमाचा, लालभडक दिसत होता. पाळीखाली एका झोपडीचं नुसतं जोतं उरलं होतं आणि शेजारच्या मोहाच्या झाडाला रुळाचा गंजलेला तुकडा टांगलेला होता.

त्या गावातल्या सिंधूबाई नावाच्या एका बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर कोचईची, म्हणजे अळूची, पानं पुसत बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक. सरांना पाहून त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं आणि परत पानं घेतली. सर खाटेच्या काठावर बसले. वर्गात सुरुवात करतात तशी त्यांनी सुरुवात केली, फक्त आवाज फार लहान होता.

"सिंधूबाई, सोमाजीनं मले इचारलं होतं, फोन नाही वाजला त समजाचं का, पाणी कमी आहे? मी म्हणलो, हो."

"दरसाली तेच सांगता सर तुमी," सिंधूबाई म्हणाल्या. "मले पाठ झालं आता. च्या घ्या."

परतीच्या वाटेवर सरांनी सगळं सांगितलं. कॉलेजात येण्याआधी ते नागपूरच्या एका कंपनीत होते. तलावांची पाणीपातळी यंत्रानं मोजायची आणि धोका झाला की राखणदाराच्या फोनवर घंटी वाजवायची, अशी योजना होती. तिचा नकाशा सरांनी लिहिला. पातळी म्हणजे एक संख्या. संख्या धोक्याच्या रेघेपलीकडे गेली की घंटी वाजणार. वाजणारच, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं होतं. सिद्धतेत एक चूक नव्हती. आजही नाही, असं ते म्हणाले. फक्त पातळी मिळालीच नाही तर काय, याला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. एका खणाचं घर.

त्या तलावाचा राखणदार सिंधूबाईंचा नवरा, सोमाजी. पावसाळ्यात तो दर तासाला पाळीवर जाऊन आकडे कोरलेला दगड पाहायचा आणि येऊन त्या रुळावर एक टोला हाणायचा. टोला पडला म्हणजे सोमाजी जागा आहे, पाळ शाबूत आहे. टोला नाही पडला की गावातलं कोणीतरी उठून कंदील घेऊन बघायला जायचं. त्याच्या बापापासूनची ही रीत. यंत्र बसवायला सर आले, त्यांनीच ती मोडली. आता रात्रभर ठणठण कशाला, धोका असेल तरच फोन वाजेल, तू निवांत राहा. गावालाही बरंच वाटलं, झोपमोड टळली. सोमाजी तेवढा घुटमळला. त्यानं तो प्रश्न विचारला आणि सर हो म्हणाले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर झड लागली. वादळात फांदी पडून यंत्राची तार तुटली. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरासमोर सरांचा नकाशा होता. त्यात संख्या हवी म्हटलेलं होतं आणि संख्या तर येत नव्हती, म्हणून अशा वेळी शून्य भरायचं असं त्यानं ठरवून टाकलेलं होतं. दिवसभर नागपूरच्या पडद्यावर त्या तलावाची पातळी शून्य दिसत राहिली. तलाव काठोकाठ भरलेला, आणि पडद्यावर कोरडा ठणठणीत. फोन वाजला नाही. पाळ फुटली तेव्हा सोमाजी पाळीखालच्या झोपडीत होता.

"चौकशीत साहेब म्हणाले, सारं नकाशाबरहुकूमच चाललं, कोणाचीच चूक नाही," सर म्हणाले. "कागदावर 'अतिवृष्टी' लागलं. अन् गाव म्हणे, सोमाजी झोपला असंल."

ते मात्र सरांना सहन झालं नाही. नोकरी सोडून ते त्या गावात गेले आणि देवळापुढे जमलेल्या लोकांना म्हणाले, सोमाजी झोपला नव्हता, त्याला मीच सांगितलं होतं की फोन नाही वाजला तर काळजी करू नको, चूक माझी आहे. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी म्हणालं, तरी एकदा उठून बघायला काय झालं होतं? सभा पांगली. सिंधूबाई तेवढ्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्स झाले सर. दोन वर्स मी त्या मानसाले शिव्या देल्या. झोपला म्हून."

हे सांगून सर थांबले. सानगडीचा बाजार समोर दिसत होता. त्यांना माफी नको होती. सोमाजीच्या नावासमोर गावानं लिहिलेलं ते 'झोपला' दर वर्षी एकदा जाऊन पुसायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्या दिवसापासून फळ्यावरच्या त्या चौकटीला मी कधी हसले नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरात मंदाताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर साकोलीतच राहिले, माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, रोज संध्याकाळी सहा वाजता मी तुमाले अन् सिंधूबाईले एक मेसेज टाकीन. 'आहे.' एवढाच. मेसेज आला त मी आहो."

"आणि नाही आला तर?" मी चेष्टेनं विचारलं.

"त काही समजू नोका," सर म्हणाले. "मेला असंही समजू नोका, बरा आहे असंही समजू नोका. येऊन पाहा."

सोमाजीचा टोला त्यांनी असा परत सुरू केला होता. सिंधूबाईंना मेसेज वाचायला आणि ती दोन अक्षरं टाकायलाही त्यांनीच शिकवलं. रोज सहाला माझा फोन खणकायचा. मी कुकर लावत असायचे. 'आहे.' मी अंगठा दाखवायचे. तीन वर्षं हे चाललं आणि त्यात दोनदा मेसेज आला नाही. दोन्ही वेळा मी चपला घालून धावत गेले. पहिल्या वेळी सर पोहे खात बसले होते, टॉवर बंद होता. दुसऱ्या वेळीही टॉवरच. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "बरं केलं आले ते. आता काहूनच्या खणात लिहा, टॉवर." मी जरा चिडलेच होते. घरी पाहुणे सोडून आले होते.

तिसऱ्या वेळी श्रावणातली झड होती. दुपारपासून गावाची लाइट गेलेली. सहा वाजले, सव्वासहा वाजले, फोन वाजला नाही. खिडकीतून रस्त्यावरचं पाणी दिसत होतं. मला आठवतं, मी मनाशी काय म्हटलं ते अगदी शब्दशः आठवतं. लाइट नाही म्हणजे टॉवर बंद असणार. सर पोहे खात बसले असतील. उद्या सकाळी जाऊ.

धरून चालले मी. ज्या माणसाबरोबर पंधरा वर्षं काढली, त्याच्याच बाबतीत धरून चालले.

सिंधूबाईंच्या गावातही तीच झड होती. त्यांचाही फोन वाजला नाही. त्या सहा वाजून पाच मिनिटं झाली तशा उठल्या, डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेतलं, तीन किलोमीटर चिखल तुडवत सानगडीला आल्या आणि साकोलीची शेवटची गाडी पकडली. आठ वाजता त्यांनी सरांचं दार ढकललं. सर स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते, उजवी बाजू लुळी. शेजाऱ्यांना हाका मारून, गाडी करून त्यांनीच सरांना भंडाऱ्याला नेलं. मला सकाळी कळलं.

मी पोचले तेव्हा डॉक्टर फाईल बघत होते. "दोन तास आधी आणायला हवं होतं," ते फाईलकडे बघतच म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं की ते दोन तास माझ्या घरात होते. सिंधूबाईंना माहीत होतं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, बाकावर जरा सरकून जागा दिली. त्या विचारत्या तर बरं झालं असतं.

एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. "आजोबा, नाव सांगा." सरांचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं पुन्हा विचारलं, मग कागदावर 'बोलणे' या शब्दासमोर शून्य लिहिलं. सिंधूबाई उठून उभ्या राहिल्या.

"शून्य काहून लिवलं जी?"

"आजोबा बोलत नाहीत ना, आजी."

"त्याहिले बोलाचं आहे. बोलता येऊन नाही राहिलं. हे दोन्ही एक होय का?"

मुलगी गोंधळली. स्वभावानं चांगली होती. तिनं कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "आजी, फॉर्ममध्ये तेवढीच जागा आहे."

मी सरांकडे पाहिलं. ते सिंधूबाईंकडे बघत होते. त्यांचा डावा हात चादरीवर हलत होता. बोटानं त्यांनी एक आडवी चौकट काढली, फार वाकडी, आणि मधोमध रेघ ओढली. मग बोट उजव्या खणावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. डोळे भरून आले होते, त्यांचे की माझे ते मला आता सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "सर, मी आले नाही. टॉवर बंद असेल असं धरून चालले." हे ऐकू गेलं की नाही, ते मला माहीत नाही. या माहीत नसण्याच्या जागी मी आजवर काही भरलेलं नाही.

मला कॉलेज होतं, मी संध्याकाळच्या गाडीनं परतले. सिंधूबाई थांबल्या. निघताना त्या म्हणाल्या, "मी टाकीन मेसेज. सहाले."

दहा दिवस रोज सहाला त्यांचा मेसेज आला. 'आहे.' मी कुकर लावायचा सोडून फोन हातात धरून बसायचे.

अकराव्या दिवशी सहा वाजले. बाहेर लख्ख ऊन होतं, लाइट होती, टॉवरही चालू होता. पाच मिनिटं झाली. फोन वाजला नाही. मी काही समजले नाही. चपला घातल्या आणि निघाले.